शतावरीला अजून एक वर्ष आहे, याकूब

याकूब, घुशी नव्हत्या.

एकसुद्धा नव्हती. सव्वादोन वर्षं मी ज्यांना उठता-बसता शिव्या घातल्या, ज्यांच्यासाठी लोखंडी पिंजरा आणला आणि त्यात रोज ताजं कांदाभजं लावलं, त्या घुशी तुझ्या तोंडातून निघाल्या होत्या आणि तिथेच नांदत होत्या. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मला खरं कळलं त्याला नऊ झाले. पहिले आठ दिवस मी तुझ्यासाठी रडलो. पुढचे नऊ दिवस मी तुझ्यावर इतका भडकलोय की डोळ्यांतलं पाणीच आटलंय. मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. बरं, मग मेलेल्या माणसाने तरी जिवंतपणी असं वागायचं होतं का?

रस्त्यात लोक थांबवतात. म्हणतात, याकूबशेठसारखा सरळ माणूस पुन्हा व्हायचा नाही. मी मान डोलावतो. परवा मशिदीसमोरचा पानवाला म्हणाला, "कंपाउंडर साहेब, आपका तो भाई गया." मी हो म्हटलं आणि पान न घेताच घरी आलो. भाऊ असतास तर एवढा राग आला नसता. भावांकडून माणूस थोडी लबाडी धरूनच चालतो.

मी कोण आणि तू कोण हे तुला सांगायला नको, पण रागात माणूस पहिल्यापासून सुरू करतो. सरकारी दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीत मी एकतीस वर्षं उभा राहिलो. पाटीवर 'औषधनिर्माता' लिहिलेलं होतं, पण गाव कंपाउंडरच म्हणायचं आणि तू तर बायकोसमोरही कंपाउंडरच म्हणायचास. तू बारा लूमचा, कापड विणायच्या मागांचा मालक. तुझं घर माझ्या घराच्या पाठीला पाठ लावून, मध्ये एक सामाईक भिंत. त्या भिंतीत पिंपळाचं रोप उगवलं, त्याने ती फोडली आणि एक दिवस कमरेएवढं खिंडार पडलं. कोणी बुजवायचं यावर आपण महिनाभर भांडलो आणि तोवर दोघांनाही त्याची सवय झाली. सकाळी माझी शालन पोहे टाकायची तेव्हा तू लुंगी सावरत त्या खिंडारातून आत यायचास. ईदला तुझ्याकडून खीर यायची ती तिथूनच. आंबेडकर जयंतीला आमच्याकडची जिलबी तिथूनच जायची. हमीदाभाभी गेल्या तेव्हा तू तीन दिवस त्या खिंडारातच बसून होतास, ना तुझ्या घरात ना माझ्या. मी शेजारी बसलो होतो. आठवतंय का?

आता शतावरी. मी निवृत्त झालो तेव्हा आमच्या डॉक्टर मॅडमनी ठाण्याच्या एका हॉटेलात जेवण दिलं. ताटलीत हिरव्या काड्या आल्या, पेन्सिलीएवढ्या जाड, वर लोणी आणि मीठ. मी विचारलं हे काय, तर म्हणाल्या शतावरी, विलायती. कोंब खायचे असतात. मी खाल्ले आणि याकूब, काय सांगू, एकतीस वर्षं गोळ्यांचे वास घेतलेल्या माणसाला काहीतरी ताजं, जमिनीतून आत्ताच वर आलेलं मिळाल्यासारखं झालं. घरी येऊन तुला सांगितलं तर तू पोट धरून हसलास. "एकतीस साल की ड्युटी, और घास खिलाके भेज दिया तेरेको?"

पण बी आणायला तूच पुढे. तुझ्या लेकीचं, नसीमाचं, तेव्हा लग्न व्हायचं होतं, तिनेच मोबाइलवरून पाकीट मागवलं. ते आपल्याच बायपासवरच्या गोदामातून निघालं आणि कुठं कुठं फिरून सहा दिवसांनी आपल्याच गल्लीत आलं. त्यावर तू दोन दिवस हसत होतास. पंचवीस बिया भिजवल्या, अकरा रुजल्या. केसाएवढ्या बारीक काड्या. तू म्हणालास, एवढ्याने तर सुईसुद्धा ओवायची नाही.

वाफा माझ्या अंगणात, भिंतीलगत केला. आपल्याकडच्या पावसात मूळ सडतं म्हणून उंच केला, खिंडारातून पडलेल्या विटांचाच कठडा रचून. रेती मी आणली, शेणखत शालनच्या भावाने दिघाशीहून पाठवलं, आणि तू तुझ्या लूमखाली साठलेला कापसाचा कचरा पोत्यात भरून आणलास, मातीवर पांघरायला. झाडं वाढली की शेपूसारखी भुरभुरीत दिसायची, जराशा वाऱ्याने लोळायची. मग तू सुताचा कोन घेऊन यायचास आणि एकेकीला काठीला बांधायचास. तुटलेला धागा दोन बोटांत फिरवून जोडायची ती तुझी गाठ, ती मला शेवटपर्यंत जमली नाही. तसं सांग म्हटलं की तू म्हणायचास, "हे बघून येत न्हाय, चाळीस वर्षं लागतात."

आणि नियम मी सांगितला होता. तो मीच सांगितला, हे मान्य. पहिली तीन वर्षं कोंब कापायचा नाही. वरून कापलं की खालचं मूळ उपाशी राहतं. वाढू द्यायचं, पिवळं पडू द्यायचं, जानेवारीत पाणी तोडून झुडूप छाटायचं, फेब्रुवारीत पुन्हा पाणी द्यायचं, आणि वर आलेले कोंब नुसते बघत बसायचं. तीन वर्षं पुरी झाली की येणाऱ्या फेब्रुवारीला सुरी. तुला ते पटायचंच नाही. "अरे, सकाळी लूमवर सुताचा बीम चढवला की संध्याकाळी कापड हातात पडतं. तुझी ही कसली शेती?" दुसऱ्या वर्षी एक कोंब अंगठ्याएवढा जाड आला होता. तू वाकून नखाने तोडायला गेलास आणि मी तुझ्या हातावर फटका मारला. चांगला सणसणीत. तू हात चोळत म्हणालास, "मास्तरसुद्धा एवढ्या जोरात मारत नव्हता."

कसे खायचे यावर तर भांडण मिटलंच नाही. मी म्हणायचो, मिठाच्या पाण्यात एक उकळी, वर लोणी, बस. तू म्हणायचास, आजाऱ्याचं जेवण आहे का? कांदा, हिरवी मिरची, वर दोन अंडी फोडायची. मी म्हणायचो, तीन वर्षं थांबून मी काय आम्लेट खाऊ? तू म्हणायचास, तीन वर्षं थांबून मी काय उकडलेलं गवत खाऊ? शालन आतून ओरडायची, "आधी येऊ तर द्या!"

सुरीचा फेब्रुवारी यायला चार महिने उरले होते. दसऱ्याला मी नेहमीप्रमाणे नागपूरला दीक्षाभूमीला गेलो. शालनचे गुडघे धरले होते म्हणून ती राहिली. चौथ्या दिवशी परत आलो, पिशवी ओट्यावर ठेवली, अंगणात गेलो. वाफा उकरलेला. अकराच्या अकरा झाडं गायब, वरची वाळकी पाती कोपऱ्यात पडलेली. मी तिथेच बसलो. आणि तू खिंडारातून आलास, माझ्यासमोर उकिडवा बसलास, खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "घुशी रे, कंपाउंडर. मी आलो तोवर सगळं फस्त." वर तुझ्या हातात एक अर्धवट कुरतडलेलं मूळ होतं. पुरावा!

याकूब, ते मूळ कोणी कुरतडलं होतं? तूच ना? आपल्या त्या पडक्या दाढांनी? नऊ दिवस मी हाच विचार करतोय. अंगणात बसून, इकडेतिकडे बघून, तू शतावरीचं मूळ चावतो आहेस, आणि चावलेलं बरोबर घुशीसारखं दिसतंय का ते बघतो आहेस. मला हसू येतं. मग त्या हसण्याचाही राग येतो. तुझ्यासोबत हसायचं होतं ते, तुझ्या पाठीमागे नव्हे.

मी पेटलो. पिंजरा लावला. सात महिन्यांत एकदा कोणाच्या तरी मांजरीचं पिल्लू सापडलं, बाकी काही नाही. तू म्हणायचास, "घुशी हुशार असतात." कुठलं तोंड करून म्हणायचास? आणि मग मीच तो शोध लावला की घुशी खिंडारातून येतात, तुझ्या बंद पडलेल्या लूमच्या शेडमधून. तुझ्या लूम तेव्हा भंगारात गेल्या होत्या, शेड रिकामी होती, घुशींना अजून काय पाहिजे? म्हटलं, खिंडार बुजवू. तू एकदा म्हणालास, "राहू दे ना रे." मी ऐकलं नाही. मी कधी ऐकतो?

तेव्हा बोलायचं होतंस. निदान तेव्हा तरी बोलायचं होतंस, गधड्या! खिंडार बुजवायला वाफ्याच्याच विटा काढल्या. रेती तू चाळलीस. ओळंबा तू धरलास. सिमेंटमध्ये मी बाटल्यांची फोडलेली काच कालवली, घुशींचे दात तुटावेत म्हणून, ती काचही तूच सुपात आणून दिलीस. त्या दिवशी तू चहालाही हात लावला नाहीस. मला वाटलं, बिचारा, शतावरीचं दुःख मला आहे तेवढंच याला आहे. संध्याकाळी भिंत पुरी झाली आणि तू आपल्या बाजूला गेलास तो पहिल्यांदाच दारातून, गल्लीला वळसा घालून.

त्यानंतर काय झालं ते आपण दोघांनीही कधी बोलून दाखवलं नाही. तेवढी दहा पावलं गेली आणि पाच मिनिटांची गल्ली आली. गल्लीत टेम्पो, टेम्पोत कापडाचे तागे, हमाल, हॉर्न. तू आठवड्यातून तीनदा यायला लागलास, मग दोनदा. मी आलो की तू मला पुढच्या खोलीत बसवायचास, गादीवर, तक्क्याला टेकून, पाहुण्यासारखा. आधी मी तुझ्या चुलीपाशी पाटावर बसायचो. मला ते लागत होतं. मी शालनला म्हटलंही, याकूब बदलला. ती काही बोलली नाही. का बोलली नाही ते आता कळलं.

एकदाच तू विचारलंस, "परत लावू या का रे शतावरी?" मी म्हटलं, नाव काढू नकोस. तू लगेच विषय बदललास. थोडा वेळ तरी थांबायचं होतंस की रे.

मग तो गुरुवार. सकाळचे अकरा असतील. मी पेपर वाचत होतो आणि भिंतीपलीकडून नसीमा ओरडली, "चाचा! चाचा, लवकर या!" मी उठलो आणि पळालो तो सरळ भिंतीकडे. पायांना अजून खिंडारच माहीत होतं. तळहात सिमेंटवर आपटले. मग मागे फिरलो, घरातून, दारातून, गल्लीत. कोपऱ्यावर टेम्पो अडकलेला, अर्धे तागे रस्त्यावर. मी ओरडलो, कोणाला ऐकू गेलं नाही. मी ताग्यांवरून चढलो, याकूब, त्रेसष्टाव्या वर्षी, चपला तिथेच राहिल्या. पोचलो तेव्हा तू पुढच्या खोलीत आडवा होतास आणि नसीमा तुझे तळवे चोळत होती. मी नाडी धरली. एकतीस वर्षांत डॉक्टरांच्या शेजारी उभं राहून जे काही शिकलो ते सगळं केलं. नव्हतास तू. नसीमा म्हणाली, "आत्ताच तर पाणी मागितलं त्यांनी."

दहा पावलांत पोचलो असतो तर वाचला असतास असं मी म्हणत नाही. तेवढं मला कळतं. पण तू पाणी मागितलंस तेव्हा मी तिथे असतो. तुझ्या खोट्याची राखण करायला आपण दोघांनी मिळून जी भिंत बांधली, ती शेवटी माझ्याच आडवी आली. याचं काय करू मी? कोणाच्या पदरात टाकू हे?

आठवडा गेला. नसीमाकडे रोज जाऊन बसायचो. जावई कुवेतला, येऊन परत गेला. त्या दिवशी ती म्हणाली, "चाचा, अब्बांच्या झाडांना पाणी कोण घालणार? मला ते छाटायचं वगैरे कळत नाही. तुम्ही बघता का?" मी म्हटलं कसली झाडं? ती म्हणाली, "अब्बांनी शेवटपर्यंत सांगितलंच नाही तुम्हाला?" मग तिने शेडची चावी घेतली.

शेडच्या मागे, जिथे तू मला दोन वर्षं फिरकू दिलं नाहीस, तिथे निळी पिंपं अर्धी कापून ओळीने मांडलेली. प्रत्येकात एक झुडूप, शेपूसारखं भुरभुरीत, लोखंडी सळईला सुताने बांधलेलं. गाठी तुझ्या. मी मोजली. अकरा. कमीही नाही, जास्तही नाही. वर भिंतीवर, ताग्यांवर नंबर टाकायच्या त्या जाड पेन्सिलीने, मराठी शाळेतल्या तुझ्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं: 'कंपाउंडर आल्याशिवाय कापायचं नाही.'

मग नसीमाने सांगितलं. मी नागपूरला होतो तेव्हा ती चार दिवसांची बाळंतीण होती. पहिलीच खेप, दूध येईना, पोरगी रडून रडून निळी पडायची. दवाखान्यात म्हणाले, तोवर पावडरचं दूध पाजा. तू घाबरलास. घरात हमीदाभाभी नाही, तिची सासू महाडला आजारी. बाप कोणाला विचारणार? तू शालनला विचारलंस. आणि शालनने, माझ्या बायकोने, तुला तिच्या माहेरची गोष्ट सांगितली. तिकडे रानातल्या काटेरी शतावरीची मुळं उकळून बाळंतिणीला देतात. आणि मीच एकदा वाफ्यापाशी उभं राहून तुम्हा दोघांना ज्ञान पाजळलं होतं की ही विलायती म्हणजे तिचीच बहीण. दुकानातल्या चूर्णावर तुझा भरवसा नव्हता, त्यात काय काय मिसळतात हे मीच तुला सांगितलेलं. मग तू कुदळ घेतलीस. आधी दोनच काढायचं ठरलं होतं म्हणे. पण विलायती मूळ बारीक निघालं, पुरेना, म्हणून सगळी. पाचव्या दिवशी दूध आलं.

दूध मुळाने आलं नाही, याकूब. येत असतं, दोन-चार दिवस मागेपुढे होतं. बाळ सारखं छातीला लावत राहायचं आणि आईला धीर द्यायचा. हे मी तुला फोनवर एका मिनिटात सांगितलं असतं. आमच्या सिस्टरला घरी पाठवलं असतं. एकतीस वर्षं मी कशासाठी उभा होतो त्या खिडकीत? अख्खं गाव मला विचारत होतं आणि तू, फक्त तू, विचारलं नाहीस.

मी घरी आलो आणि शालनवर ओरडलो. असा ओरडलो की तिच्या हातातली भातवाढी पडली. ती चिडली की अजून दिघाशीची होते. म्हणाली, "मीच सांगितलं त्यांना, न्हाय म्हणते का मी? आन् तुमाला सांगितलं असतं तर काय केलं असतं तुमी?" मी म्हटलं, योग्य ते सांगितलं असतं. "न्हाय. आधी हसला असता. त्या पोरीच्या तोंडावर हसला असता, मग योग्य ते सांगितलं असतं. याकूबभाई म्हणाले, माझ्यावर हसू दे, माझ्या पोरीवर न्हाय."

मी बसलो. मला ती बाई आठवली. खिडकीवर रांग होती, तूही शुगरच्या गोळ्या घ्यायला मागे उभा होतास. कामतघरच्या चाळीतली कोणीतरी, पोराच्या तापावर कसला तरी पाला उगाळून दिलाय, सोबत गोळी चालेल का, असं विचारत होती. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "पालाच खाऊ घाला की, आम्ही दुकान बंद करतो!" रांग हसली. त्या बाईचं तोंड एवढंसं झालं, गोळी न घेताच गेली. तू हसला नाहीस. गोळ्या घेतल्यास आणि निघून गेलास. संध्याकाळी खिंडारातून आलास तेव्हाही काही बोलला नाहीस. पण मनात ठेवलंस. माझी जीभ कशी आहे हे तुला त्या दिवशी कळलं आणि तू पुढची सगळी वर्षं त्या हिशेबाने वागलास.

हे मला मान्य आहे. घे, लिहून देतो. पण याकूब, तुझी चूकही कमी नाही. तीस वर्षांची ओळख, आणि तू मला त्या एका दिवसावरून जोखलंस? मी हसलो असतो, ठीक आहे. मग तू मला एक कानाखाली वाजवायची होतीस. मी तुझ्या हातावर फटका मारला तेव्हा तू काय मित्र राहिला नाहीस का? मला मार देऊन सुधारायचं सोडून तू मला वगळलंस. तू, शालन, नसीमा, तिघांना ठाऊक, आणि मी वेड्यासारखा पिंजऱ्यात भजी ठेवतोय. तुम्ही तिघं मला सांभाळून घेत होतात. मला सांभाळून घ्यावं लागतं, हे मला कोणीतरी सांगायचं होतं.

आणि सगळ्यात जास्त राग कशाचा ते ऐक. नसीमा म्हणाली, तू झाडांवरचे बियांचे लाल मणी आधीच काढून ठेवले होतेस, मुळं काढली त्याच आठवड्यात पेरलेस. ती तुला म्हणायची, अब्बा, चाचांना सांगून टाका ना आता. तर तू म्हणायचास, "असं रिकाम्या हाताने कसं सांगू? तीन वर्षं पुरी होऊ दे. त्याला इथे आणीन, सुरी त्याच्याच हातात देईन, आणि मग सांगेन."

तीन वर्षं! तुला, ज्याला सकाळचा बीम संध्याकाळी कापड होऊन हवा असायचा! एका चहाच्या कपात मिटणारी गोष्ट तू झाडाच्या वेळापत्रकाला बांधलीस आणि झाडाच्या आधी निघून गेलास. रिकाम्या हाताने यायचं होतंस रे. माझ्याकडे कधी भरल्या हाताने यायची अट होती? मी शिव्या दिल्या असत्या, चार दिवस बोललो नसतो, पाचव्या दिवशी पोह्यांच्या वासाला तू आला असतास. खिंडार उघडं राहिलं असतं. तेवढं एक राहिलं असतं तरी चाललं असतं मला.

आज सकाळी मी घण घेतला. शालन चहा घेऊन दारात उभी राहिली, थांबवलं नाही. भिंत पक्की बांधली होती आपण, तासभर लागला. घुशींसाठी मीच कालवलेली काच माझ्याच तळहातात घुसली. पलीकडून नसीमाची पोरगी टकमक बघत होती, तुझ्या नाकाची आहे अगदी. विटा मी बाजूला रचून ठेवल्या आहेत. झाडं तिथेच राहतील, हलवली तर एक वर्ष मागे जातील, आणि मागे जायला आता कोणाकडे वर्ष आहे? वाळलेली झुडपं मी छाटली. उद्यापासून पाणी. या महिन्यात कोंब येतील. एकालाही हात लावणार नाही. तुझी दोनच वर्षं भरली आहेत. नियम म्हणजे नियम.

पुढच्या फेब्रुवारीत सुरी घेऊन येईन. अर्धे मिठाच्या पाण्यात, अर्धे कांदा-मिरचीत घालून वर दोन अंडी फोडून. शालन करेल, नसीमा वाढेल, आणि तुझ्या वाटणीचे मी खाईन, नावं ठेवत खाईन. माफीचं तेव्हा बघू. तूच तीन वर्षं मागितली होतीस ना, मग पुरी तीन घे. तोवर तुझी माझी कट्टी.

सकाळी पाणी घालायला मात्र रोज येतोय, खिंडारातून.